माहेरची तालीम, सासरची तालीम

मैत्रिणींनो, कोल्हापूरला जायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावरची संध्याकाळ, चपलांचा जोड, गुळाची ढेप आणि झणझणीत मिसळ. या यादीत मी आणखी एक गोष्ट घालायला सुचवणार आहे : शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना. हसू नका! मीसुद्धा आधी हसलेच होते.

आम्ही घोटीची माणसं. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की मुंबई-आग्रा रस्त्यावर आमचं गाव लागतं. पाऊस, भात आणि भाताच्या गिरण्या ही आमची ओळख. खेळ म्हणाल तर कबड्डी आणि क्रिकेट. फुटबॉलचा आणि माझा संबंध इतकाच, की चार वर्षांनी विश्वचषक आला की घरातली मंडळी रात्र-रात्र टीव्हीपुढे बसायची आणि चहा मी करायची!

पण वन्संचं सासर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. या हिवाळ्यात नाशिक, पुणे अशा एसट्या बदलत त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेले आणि फुटबॉल हा तिथे खेळ नसून घरातलाच एक माणूस आहे, हे कळलं.

कोल्हापूर कुस्तीचं गाव. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. संस्थानाच्या काळातच फुटबॉल आला आणि गंमत म्हणजे तालमींनीच आपापले संघ काढले. म्हणून इथल्या संघांची नावं अशी : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. नावाला तांबड्या मातीचा वास आणि पायात मात्र फुटबॉलचे बूट! इथलाच अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात आपल्या देशाकडून खेळला.

आता घरातली गंमत ऐका. वन्संचं घर पाटाकडीलचं. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचं माहेर मात्र शिवाजी पेठेत, म्हणजे खंडोबा तालमीच्या बाजूचं. या दोन संघांचा सामना असला की जाऊबाई सकाळपासून गप्प. माहेर हरलं तर वाईट वाटणार आणि सासर हरलं तर रात्री कुणी धड जेवणार नाही! आपल्यापैकी कुणाला ही अवस्था समजणार नाही?

सामन्याच्या आदल्या रात्री जेवणं आटोपली आणि वाद सुरू झाला. वन्संचे सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणतात, तरुणपणी स्वतः खेळलेले. भाचा कॉलेजात. त्यानं ताटात शेंगदाणे मांडून तात्यांना व्यूहरचना दाखवली : मागे चार, मध्ये चार, पुढे दोन.

तात्या उसळले, "पुढं दोघंच? मग गोल कोण करणार, पंच?"

"तात्या, तुमच्या वेळेला पुढं पाच असायचे. मागं सगळं रान मोकळं! एक बॉल सुटला की गोल खाल्लाच."

"खाल्ला तर खाल्ला. आम्ही दोन घालायचो!"

मला आधी काहीच कळेना. जाऊबाईंनी भांडी पुसता पुसता समजावलं. आकडे आपल्या गोलपासून पुढे वाचायचे. गोली धरायचा नाही, उरलेल्या दहाजणांची ही वाटणी. तात्यांच्या काळी दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल झाला, पुढे घुसणं सोपं झालं, तेव्हा इंग्लंडमध्ये मधला एक गडी मागे ओढला गेला. १९५८ साली ब्राझीलनं विश्वचषक जिंकला तो ४-२-४ मांडून. आता कुणी ४-३-३ म्हणतं, कुणी मागे पाच ठेवतं. पण माणसं दहाच! पुढे एक वाढवला की मागे किंवा मध्ये एक कमी होणारच. महिन्याच्या पगारासारखंच झालं की हो हे! रक्कम तेवढीच, दिवाळीला जास्त काढले तर शाळेच्या फीला कमी पडणार.

"खरी गोष्ट सांगू का वहिनी," जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आकडे कसे बी मांडा. बॉल गेला की पुढचे मागं पळत येत नाहीत, तिथंच सामना जातोय." तात्या आणि भाचा दोघेही गप्प झाले. त्या रात्रीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून आलं होतं!

मग तात्यांनी जी गोष्ट सांगितली, ती मी घोटीला घेऊन आले आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर, भारतीय संघाचे प्रशिक्षक. १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई खेळांत बचावफळीतल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी काय करावं? त्याला मागून काढलं आणि थेट पुढे, आक्रमणात उभं केलं. एरवी गोल अडवणाऱ्या या गड्यानं उपान्त्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला. दक्षिण कोरियाला २-१ हरवून भारतानं सुवर्णपदक मिळवलं.

दुसऱ्या दिवशी सामना पाहिला. हिरवंगार मैदान, ढोल, शिट्ट्या, गच्च भरलेल्या पायऱ्या, आणि बायका अगदी मोजक्या. शेजारचे एक आजोबा तर प्रत्येक पासला प्रशिक्षकाला सल्ला देत होते. तो ऐकू जात नाही याची त्यांना फिकीर नव्हती. जाऊबाई लग्नानंतर पहिल्यांदाच स्टेडियमवर आल्या होत्या. सामना बरोबरीत सुटला आणि त्यांनी हात जोडले!

तुम्ही गेलात तर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत जा, तेव्हा हंगाम असतो. बरोबर घरातलं माणूस घ्या, टोपी आणि पाण्याची बाटली न्या. दोन कट्टर पेठांचा सामना असला तर समर्थकांच्या घोळक्यापासून जरा लांब बसा. ईर्षेपायी इथे हुल्लडबाजी होऊन सामने थांबल्याचेही प्रसंग घडले आहेत.

आणि आता आमच्या घोटीचं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. भात निघाला की रिकाम्या खाचरात पोरं चेंडू घेऊन उतरतात. नववीतल्या एका मुलीला त्यांनी संघात घेतलंय, पण कायम गोलात उभी करतात. का, तर मुलगी आहे, पळून पळून किती पळणार? वर्गात जर्नेलसिंगची गोष्ट सांगितली तेव्हा ती मुलगी उभी राहिली नि म्हणाली, "बाई, मग मला पण एकदा पुढे खेळू द्या, असं तुम्ही सांगाल?"

मी सांगितलं. मुलांनी कुरकुर करत ऐकलं. अवघड होतं ते तिच्या आईला सांगणं. "मोठी झाली आता, खेळ पुरे," हे तिचं म्हणणं, आणि त्यामागची काळजी मला कळते. मी तिच्यापाशी बसले. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याच देशात, नवी मुंबई, गोवा आणि भुवनेश्वर इथे खेळला गेला, त्यात आपल्याही मुली उतरल्या होत्या, हे सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "झोडणीची कामं उरकू द्या. मग खेळू दे शनिवारी. पण दिवेलागणीच्या आत घरी."

मैत्रिणींनो, कुणी पुढे राहायचं आणि कुणी मागे, हे घरातही असंच कधीतरी कुणीतरी मांडून ठेवलेलं असतं. गरज पडली की शेंगदाण्याची जागा बदलता येते. तुमच्या घरात एखादी मुलगी कायम गोलात उभी नाही ना, एवढं एकदा बघा.