रुखसत

आमच्या गोंदियाचं नाव पेपरात दोन गोष्टींसाठी ठळक येतं. एक धानाचा भाव आणि दुसरी थंडी. डिसेंबर लागला की ‘विदर्भात गोंदिया सर्वांत थंड’ ही बातमी एकदा तरी येतेच. फुलचूर गोंदियाला लागूनच आहे, पण इथं घरं संपून शेतं सुरू होतात. त्यामुळे सकाळचा वारा अंगात जरा जास्तच शिरतो.

त्याच थंडीत मला सर्दी झाली. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीन वेळा होते, तशीच. मी उर्दू शाळेत मराठीही शिकवते आणि उर्दूही. त्यामुळे आजारी असले तरी डोक्यात शब्दच फिरतात. सर्दी फारसीतून आली, सर्द म्हणजे थंड. पडसं हा संस्कृत ‘प्रतिश्याय’चा झिजून झालेला शब्द. जुकाम आणि नजला अरबी. नजल्याच्या मुळाशी ‘उतरणे’ हा अर्थ आहे. जुन्या हकिमांची समजूत अशी, की डोक्यात साठलेला ओलावा खाली उतरतो. नाकातून वाहिला तर जुकाम, घशाकडे आणि छातीकडे गेला तर नजला. इब्न सीना (980-1037) यांच्या वैद्यकातही हा भेद आहे. त्यांची कारणमीमांसा आता कोणी मानत नाही, सर्दी विषाणूंमुळे होते हे आपण जाणतो. पण हा भेद मात्र आजही कामाचा आहे, हे मला पुढे कळायचं होतं.

शाळेची सहल कचारगडला ठरली होती. सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनच्या जवळ, धनेगावच्या वरच्या डोंगरात ही मोठी गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथं गोंड समाजाची यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. आमचे गणिताचे सर गोंड आहेत. आपल्याच जिल्ह्यातली ही जागा आपल्या मुलांनी पाहिलेली नाही, हे त्यांना खटकायचं. मलाही ते पटलं, आणि सहलीची यादी, पैसे, पालकांच्या सह्या हे सगळं मीच अंगावर घेतलं.

सहलीच्या दिवशी माझ्या सर्दीचा आठवा दिवस होता. ताप उतरून चार दिवस झाले होते. नाक अजून बंद होतं आणि खोकला छातीतून येत होता. अम्मी पहाटे उठून जोशांदा उकळत होती. मुलेठी, उन्नाब, लसोडे, बनफशा. मुलेठी म्हणजे आपलं ज्येष्ठमध आणि लसोडे म्हणजे भोकरं. अम्मी म्हणाली, “बेटा, आज मत जा. पहाड कहीं नहीं जाता.” मी म्हटलं, “अम्मी, सर्दीच तर आहे.”

खरं तर डॉक्टरांनी मला सोपा हिशेब सांगितला होता. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहणं, शिंका, तर हळूहळू चालायला हरकत नाही. मानेच्या खाली असेल, म्हणजे छातीतला खोकला, अंगदुखी, किंवा ताप असेल, तर घरी बसायचं. हकिमांचा जुकाम आणि नजला वेगळ्या शब्दांत. माझा नजला होता आणि मी त्याला जुकाम म्हणून खपवत होते. यादी माझ्याकडे होती ना. माझ्याशिवाय सहल कशी होणार?

सकाळच्या गाडीनं निघालो. 22 मुलं-मुली, गणिताचे सर, सायन्सच्या मॅडम आणि मी. आमगाव, सालेकसा, मग दरेकसा. खिडकीबाहेर कापणी झालेले बांध आणि धानाचे पुंजणे. धनेगावात एका घरासमोर शेकोटी पेटली होती. तिथल्या आजीबाईंनी माझा खोकला ऐकला आणि म्हणाल्या, “तब्येत बरी नाही तं कायले जाता जी वर?” मी नुसती हसले.

चढ सुरू झाला आणि दहा मिनिटांत हसू गेलं. आपलं नाक काय काम करतं हे ते बंद झाल्यावर समजतं. बाहेरची गार, कोरडी हवा नाक गरम करतं, ओलसर करतं आणि मगच छातीत सोडतं. नाक बंद असलं की तोंडानं श्वास घ्यावा लागतो. मग तीच गार हवा थेट घशात आणि श्वासनळीत जाते. सर्दीनं आतला भाग आधीच हुळहुळा झालेला असतो. मला खोकल्याची उबळ आली की एका झाडाला धरून उभी राहायची आणि मुलांना म्हणायची, “चला, चला, मी आलेच.”

माझ्यासोबत सगळ्यात मागे आठवीतली एक मुलगी राहत होती. ती एरवी पहिल्या बाकावरची, खेळातही पुढे. मला वाटलं, मिसला सोबत म्हणून थांबते आहे. एका दगडावरून चढताना तिनं हात पुढे केला. मी तो धरला. हात तापलेला होता.

“ताप आहे तुला?”

“नाही मिस.” मग थोड्या वेळानं, “रात्री होता. सकाळी गोळी घेतली.”

“मग आलीस कशाला? मला सांगायचं नाही का?”

ती खाली बघत म्हणाली, “मिस, तुम्हीपण तर आलात ना.”

मला उत्तर सुचलं नाही. बी.एड.ला आम्ही परीक्षेत लिहिलं होतं, की मूल शिक्षकाच्या सांगण्यापेक्षा वागण्यातून जास्त शिकतं. त्याला मार्कही मिळाले होते. शिवाय आमच्या शाळेत पूर्ण हजेरीचं बक्षीस असतं. ते सुरू करण्यात मी पुढे होते, आणि गेल्या वर्षी ते ह्याच मुलीला मी स्वतःच्या हातानं दिलं होतं. तेव्हा ती आजारी असतानाही किती दिवस वर्गात बसली होती, कोणास ठाऊक.

गोळीनं ताप खाली येतो, आजार जात नाही. तापात अंगमेहनत केली की शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. क्वचित विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, आणि तेव्हाची दमछाक जीवावर बेतू शकते. मी सरांना हाक मारली. बाकीची मुलं सर आणि मॅडमबरोबर वर गेली, आम्ही दोघी खाली उतरलो.

आजीबाईंनी काही विचारलं नाही. शेकोटीजवळ गोणपाट टाकलं आणि गरम पाणी दिलं. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी तिच्या घरी फोन केला, जे घडलं ते सांगितलं, माफी मागितली.

तिथं बसून मला ‘रुखसत’ हा शब्द आठवला. उर्दूत तो निरोपासाठी आहे, नवरी सासरी जाते ती रुखसती. शाळेत सुट्टीचा अर्ज म्हणजे ‘रुखसत की दरखास्त’, तो कसा लिहायचा हे मी दर वर्षी शिकवते. आणि फिकहमध्ये, म्हणजे धर्माच्या कायद्यात, अजीमत आणि रुखसत अशी जोडी आहे. अजीमत म्हणजे मूळ हुकूम, रुखसत म्हणजे अडचणीतल्या माणसाला दिलेली सवलत. आजाऱ्यानं रमजानचे रोजे नंतर पूर्ण करावेत. पाण्यानं अपाय होत असेल तर वुजूऐवजी तयम्मुम करावं. उभं राहवत नसेल तर बसून नमाज पढावी. जिथं फर्जलाही सवलत आहे, तिथं सहलीला आणि हजेरीला नाही, हे मी कुठून आणलं होतं?

दुपारी मुलं परतली. सरांनी त्यांना गुहेची कथा सांगितली होती. कली कंकालीची 33 मुलं शंभूनं गुहेत कोंडून दारावर शिळा लावली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी झटले. हिरासुका पाटालीर या वादकानं शिळा ढकलली, आणि ती ढकलताना त्याचा जीव गेला. मुलं ही कथा एकमेकांचं बोलणं तोडत मला सांगत होती. माझ्या मांडीवरची मुलगीही उठून ऐकत होती.

ती चार दिवस शाळेत आली नाही. सोमवारी तिच्या धाकट्या भावाच्या हाती अर्ज आला, स्वच्छ अक्षरात लिहिलेला. मी सही केली. मग माझाही दोन दिवसांचा अर्ज लिहिला. खोकला त्यानंतरही दोन आठवडे टिकला. सर्दीनंतर तो असा रेंगाळतोच, पण घरी बसल्यानं निदान वाढला नाही. पूर्ण हजेरीच्या बक्षिसाबद्दल मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे. ते म्हणतात, बघू. मी पुन्हा बोलणार आहे.

गुहा मी अजून पाहिलेली नाही. अम्मी म्हणते तसं, पहाड कुठं जात नाही. फेब्रुवारीत थंडी कमी झाली, की ती मुलगी आणि मी, दोघी जाणार आहोत. निघण्याआधी दोघींनी एकमेकींच्या कपाळाला हात लावून बघायचं, असं ठरलं आहे.