शिंपला आणि तापी

(तृतीय वर्ष, कला)

खनिज तेल आणि नैसर्गिक वायू हे विषय विज्ञान किंवा वाणिज्य शाखेचे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यांत पडू नये, असा एक समज आपल्याकडे आहे. अर्थशास्त्राच्या तासाला 'बहुराष्ट्रीय कंपन्या' हे प्रकरण येते. आपण चार फायदे आणि चार तोटे पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि परीक्षा संपली की विसरतो. त्या प्रकरणात न्यूयॉर्क असते, लंडन असते. आपले गाव मात्र कुठेच नसते.

मी शहादे तालुक्यातल्या कळसाडीचा. कापूस, ऊस, केळी, पपई यांवर जगणारे आमचे गाव. समुद्र आम्ही पाहायचा तो शाळेच्या सहलीत. अशा गावाचा परदेशी तेल कंपनीशी संबंध तो काय, असे कुणालाही वाटेल. पण हा संबंध आमच्या घरात, धान्याच्या कोठीशेजारी, अनेक वर्षे बसून आहे. तो म्हणजे चार गॅलनचा एक पत्र्याचा डबा. वरचा पत्रा कापून त्याला झाकण केलेले, धरायला तारेची कडी, आत राखेत घोळवलेली बियाण्याची तूर. डब्याच्या अंगावर एक शिंपला उठवलेला आहे. एकदा दिवाळीच्या साफसफाईत मी तो भंगारात काढू लागलो, तेव्हा आजी म्हणाली, "फेकू नको भाऊ, शिंपलाना डबा शे तो!" वीज येण्याआधी त्या डब्यातून घरात रॉकेल येत असे. रॉकेल संपले, चिमण्या आणि कंदील अडगळीत गेले, डबा राहिला.

हा शिंपला आला कुठून, हे शोधावेसे वाटले आणि वाचनालयात जे हाती लागले ते कादंबरीहून कमी नव्हते. लंडनच्या सॅम्युअल कुटुंबाचा मूळ व्यापार पूर्वेकडून येणाऱ्या शोभेच्या शिंपल्यांचा. त्यातल्या मार्कस सॅम्युअलने 1892 साली 'म्युरेक्स' नावाचे तेलवाहू जहाज रशियन रॉकेलने भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवले. म्युरेक्स हेही एका शंखाचेच नाव. अमेरिकन स्टँडर्ड कंपनी डब्यांत भरलेले तेल विकत असे. जहाजाच्या टाकीतूनच तेल नेले की डब्याचा खर्च वाचेल आणि आपला माल स्वस्त पडेल, असा सॅम्युअलचा हिशेब होता. पण आशियातली गिऱ्हाइके तेलाइतकीच डब्यासाठीही माल घेत. रिकाम्या डब्याची बादली होई, कणगी होई, पत्रा उलगडून छप्पर होई. शेवटी सॅम्युअलला पूर्वेत जागोजागी डबे बनवण्याची सोय करावी लागली. जगातल्या एका बलाढ्य कंपनीला आमच्या आजीसारख्या बायांनी आपला हिशेब बदलायला लावला, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

1897 साली सॅम्युअलच्या व्यापाराची 'शेल' कंपनी झाली, 1907 मध्ये ती डच कंपनीशी जोडली गेली आणि 1928 मध्ये भारतातल्या विक्रीसाठी 'बर्मा शेल' उभी राहिली. पुढची अनेक वर्षे बर्मा शेल, अमेरिकन स्टॅनव्हॅक (पुढे तिचीच एस्सो झाली) आणि कॅलटेक्स या तीन कंपन्यांच्या हाती देशाच्या दिव्यांची वात होती. स्वातंत्र्यानंतर 1951 साली सरकारने स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेलशी करार केले आणि मुंबईला तुर्भ्याच्या किनाऱ्यावर 1954 व 1955 साली त्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. आपल्याकडे भांडवल नव्हते, तंत्र नव्हते. म्हणून अटी त्यांच्या, आणि त्यांत अनेक वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याचे वचनही होते. त्या अटींची किंमत 1960 साली कळली. रशिया कमी दराने कच्चे तेल द्यायला तयार होता. पण हे तेल आमच्या कारखान्यांत शुद्ध होणार नाही, असे तिन्ही कंपन्यांनी सांगितले. कारखाने आपल्या भूमीवर, कामगार आपले, तेल विकत घेणारे आपण. आणि कोणते तेल घ्यायचे हे ठरवणार दुसरेच!

याला दोन उत्तरे मिळाली. एक समुद्रातून. 1956 साली स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या 'सागर सम्राट'ने फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईपासून दूर समुद्रात तेल शोधून काढले. तेच 'बॉम्बे हाय'. दुसरे उत्तर संसदेतून आले. 1974 पासून एस्सो, 24 जानेवारी 1976 रोजी बर्मा शेल आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलटेक्स सरकारी मालकीची झाली. बर्मा शेलची पुढे भारत पेट्रोलियम झाली. शिंपला उतरला.

इथे गोष्ट संपली असती तर तिच्यावर निबंध लिहिणे सोपे झाले असते. पण शिंपला परत आला, आणि आला तो नेमका आमच्या नदीच्या मुखाशी.

तापी मुलताईला उगम पावते, खानदेश ओलांडत आमच्या भागात येते, प्रकाशाला गोमाईला पोटात घेते आणि उकाईमार्गे सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखासमोरच्या समुद्रात, तळाखाली जो वायू सापडला त्या क्षेत्राला तिचेच नाव दिले गेले, 'ताप्ती'. 1994 साली हे क्षेत्र आणि त्याच्या जोडीची पन्ना व मुक्ता ही क्षेत्रे सरकारने तिघांना कराराने दिली: तेल आयोग 40 टक्के, रिलायन्स 30 टक्के आणि अमेरिकेची एन्रॉन 30 टक्के. 1997 पासून ताप्तीचा वायू समुद्रातल्या नळातून हजिऱ्याला येऊ लागला. एन्रॉन बुडाल्यावर तिचा वाटा ब्रिटिश गॅस म्हणजे बीजी कंपनीकडे गेला. 2016 साली बीजी कंपनीच शेलने विकत घेतली आणि 1976 मध्ये गेलेला शिंपला ताप्तीचा भागीदार झाला. पण त्याच वर्षी ताप्तीचा वायू बंद झाला. चूल विझताना तिची मालकी मिळावी, तसे झाले.

हा करार कसा होता हे समजून घेताना मला आपल्या शेतीतली बटाई उपयोगी पडली. जमीन मालकाची, कसणारा दुसरा. पीक आले की आधी बी-बियाणे, खत, फवारणी यांचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे वाटे पाडायचे. तेलाच्या करारातही कंपनीने आधी आपला खर्च वसूल करायचा आणि मग नफ्याची वाटणी व्हायची. बटाईत भांडण कधीच वाट्यावरून होत नाही, ते होते खर्चावरून. खत खरेच इतके लागले का? मजुरी इतकी झाली का? ताप्तीतही तेच झाले. खर्चवसुलीला 54 कोटी 50 लाख डॉलरची मर्यादा होती, पण खर्च, स्वामित्वधन आणि कर यांवरून सरकार आणि कंपन्या यांच्यात वाद झाला. 2010 साली तो लवादाकडे गेला, तिथून लंडनच्या न्यायालयापर्यंत पोचला आणि वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडे बटाईचा तंटा ओट्यावर चार वडीलधारी माणसे बसून मिटवतात. नदीच्या नावाच्या वायूचा तंटा सातासमुद्रापार गेला आणि नदीकाठच्या आम्हांला त्याची वार्ताही नव्हती.

वार्ता असायला हवी होती का? मला वाटते, होय. वायूपासून युरिया होतो. हजिऱ्याच्या कृभको कारखान्याच्या गोण्या आमच्या बांधावर येतात. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. ती तेवढ्याला मिळते, कारण खऱ्या खर्चाचा मोठा भाग सरकार भरते, म्हणजे फिरून आपणच भरतो. तेव्हा वायूचा दर हा कळसाडीच्या कापसाचा आणि पपईचाच प्रश्न आहे. आणि आज त्याच हजिऱ्यात, जिथे आपला वायू येत असे तिथे, 2005 पासून शेलचे बंदर आहे. परदेशातून थंड करून द्रवरूप केलेला वायू जहाजाने तिथे उतरतो. तापीच्या मुखाशी एका बाजूला आटलेल्या विहिरी, दुसऱ्या बाजूला विकतचा वायू.

'विहीर' हा शब्द तेलवाल्यांनी आपल्याकडून घेतला, पण त्यांच्या आणि आपल्या विहिरीत फार अंतर आहे. आमच्या मळ्यातली विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते आणि श्रावणात पुन्हा भरते. वायूची विहीर एकदाच रिती होते. ताप्ती 19 वर्षांत संपली. आमच्या विहिरीचे वय त्याच्या दुपटीहून जास्त आहे. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. ताप्तीच्या विहिरी कायमच्या बुजवून समुद्रातले लोखंडी मनोरे काढून नेण्याचे काम या भागीदारांनी पूर्ण केले. भारतीय समुद्रात असे काम पहिल्यांदाच झाले. खणणाऱ्याने जाताना आपला पसारा आवरावा, ही अट चांगली आहे. नदीपात्रातून वाळू उपसणाऱ्यांनाही ती लागू व्हावी.

तेव्हा परदेशी कंपनी वाईट आणि सरकारी चांगली, किंवा याच्या उलट, अशा सोप्या उत्तराशी मी थांबू शकत नाही. 1951 साली आपल्याला परदेशी तंत्राची गरज होती, 1974 साली आपल्या माणसांनी समुद्रात तेल शोधून दाखवले, 1994 साली आपण पुन्हा भागीदार शोधले. पाटी तीनदा बदलली. अटी कोणी लिहिल्या आणि त्या कोणी वाचल्या, हा प्रश्न मात्र तिन्ही वेळा तोच राहिला.

आपल्या राज्यघटनेचे 297 वे कलम सांगते की भारताच्या समुद्राखालची संपत्ती संघराज्याच्या स्वाधीन आहे. संघराज्य म्हणजे आपण सर्व. शेतकरी आपला सातबारा बारकाईने वाचतो. एक गुंठा कमी लागला तरी तलाठ्याकडे दहा खेटे घालतो. तेवढी जागरूकता समुद्राखालच्या या सामाईक सातबाऱ्याविषयी का नसावी? त्याची भाषा अवघड आहे, इंग्रजी आहे, आकड्यांनी भरलेली आहे, हे खरे. पण अवघड मजकुराचा अर्थ लावणे, त्यातले न लिहिलेले ओळखणे आणि ते चार माणसांना समजेल अशा बोलीत सांगणे हेच तर कला शाखेत आपण तीन वर्षे शिकतो. ती विद्या जुन्या पोथ्यांना लागू पडते तशी नव्या करारांनाही पडते. पुढचा करार होईल तेव्हा तो वाचणाऱ्यांत तापीकाठची काही माणसे असावीत, एवढीच माझी इच्छा आहे.