काचेच्या कारखान्यातला संगीतकार

कामानिमित्त चार महिने स्टॉकहोमला राहायचा योग आला होता. नोव्हेंबर महिना, त्यामुळे दुपारी तीन-साडेतीनलाच दिवेलागण. शनिवार-रविवारी करायचं काय हा यक्षप्रश्न. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, बेरवाल्डहालेनला जा, खडक फोडून जमिनीखाली बांधलेलं सभागृह आहे. १९७९ साली उघडलेलं, स्वीडिश रेडिओच्या वाद्यवृंदाचं घर. पाश्चात्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण बाहेरच्या थंडीपेक्षा बरं म्हणून गेलो. आणि हा बेरवाल्ड कोण, म्हणून परत येऊन शोधत बसलो. तो शोध अजून संपलेला नाही.

फ्रान्झ बेरवाल्ड जन्मला १७९६ साली, स्टॉकहोममध्येच. घरातच संगीत, वडील दरबारी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे, पुढे हाही तिथेच लागला. १८२९ साली शिष्यवृत्तीवर बर्लिनला गेला, पण संगीतावर पोट भरेना. मग या गृहस्थाने काय करावं? १८३५ साली चक्क हाडांच्या व्याधींवर उपचार करणारी संस्था काढली! आणि ती चाललीसुद्धा. १८४१ साली ती बंद करून स्वारी व्हिएन्नाला गेली, तिथे लग्न केलं आणि पुन्हा झपाटल्यासारखं संगीत लिहायला लागली. १८४२ ते १८४५ या काळात चार सिम्फनी पूर्ण झाल्या.

या चारांपैकी त्याला स्वतःला ऐकायला मिळाली फक्त एक. ‘सिन्फनी सेरिएज’, १८४३ साली, स्टॉकहोमला. चुलतभावाच्या हातात वाद्यवृंद होता, तालमी पुरेशा झालेल्या नव्हत्या, आणि प्रयोग पडला. उरलेल्या तीन कागदावरच.

त्यातली ‘सिन्फनी सँग्युलिएर’ मी आता पन्नासेक वेळा तरी ऐकली असेल. सँग्युलिएर म्हणजे जगावेगळी. सिम्फनीचे सहसा चार भाग असतात, हिचे तीनच. कारण मधला संथ भाग चालू असताना त्याच्या पोटातच एक चपळ, खोडकर भाग सुरू होतो, आणि तो संपला की संथ भाग जिथला तिथे परत येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनच्या आत फंक्शन. पण १८४५ साली लिहिलेली ही रचना पहिल्यांदा वाजली १९०५ साली. साठ वर्षांनी! बेरवाल्डला जाऊन तेव्हा ३७ वर्षं झाली होती. मी लिहिलेला प्रोग्राम दहा मिनिटांत रन झाला नाही तर माझी चिडचिड होते. याने सगळा वाद्यवृंद डोक्यातच वाजवला असणार.

मग काय, रडत बसला? छे. १८५० साली उत्तरेकडच्या सांडो नावाच्या ठिकाणी काचेच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. लाकडाची गिरणी, विटांचा कारखाना, असेही उद्योग केले. आणि त्याच वर्षांत चार-पाच वाद्यांसाठीच्या रचना लिहीत राहिला. शेवटी शेवटी एक ऑपेरा लिहिला, त्याचं नाव वाचून मी खुर्चीतच उडालो: ‘गोवळकोंड्याची राणी’! आपला हैदराबादजवळचा गोवळकोंडा. तो रंगमंचावर आला १९६८ साली. बेरवाल्ड गेला १८६८ साली, संगीताचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर वर्षभरातच.

तुम्ही म्हणाल, शेवटी त्याच्या नावाने सभागृह बांधलं, झाला की न्याय. मला नाही तसं वाटत. सभागृह आपल्यासाठी आहे. त्याला त्याचा काय उपयोग?

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगतो. माझे बाबा बँकेत होते. संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे आणि तुकोबांच्या अभंगांना चाली लावायचे. भातखंडे पद्धतीने नोटेशन लिहिलेली त्यांची वही आहे, बावीस चाली. त्यातली एकच चार लोकांसमोर गायली गेली, कॉलनीच्या गणपतीत. तालीम धड झाली नव्हती, माइक मध्येच बंद पडला, आणि लोक प्रसादाच्या रांगेत होते. बाबा घरी येऊन हसले आणि म्हणाले, ‘सूर तरी बरे लागले.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटी घेऊन बसले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. वही माझ्या कपाटात पासपोर्टच्या फायलीखाली पडली होती.

बेरवाल्डच्या ‘सिन्फनी काप्रिसिएज’ची मूळ प्रत त्याच्या मृत्यूनंतर हरवली. मागे राहिलेल्या संक्षिप्त खर्ड्यावरून दुसऱ्यांनी ती पुन्हा उभी केली आणि १९१४ साली वाजवली. हे वाचलं त्या रात्री मी उठून वही जागेवर आहे ना ते बघितलं. आमच्याकडे खर्डा वगैरे नाही. एकच प्रत.

असो. गेल्या महिन्यात सगळी पानं स्कॅन केली. आता दर शनिवारी ताई येते; ती गाते, मी पेटीवर चाचपडतो. दोन चाली बसल्यात. तिसरीत अडलोय. दुसऱ्या ओळीत ‘नि’खाली कोमलची रेघ आहे की चहाचा डाग, तेच कळत नाही. ताई म्हणते कोमलच असणार, बाबांना तोच आवडायचा. मला शुद्ध वाटतोय. येत्या शनिवारी दोन्ही लावून बघणार आहोत.