आधी बांधायचं, मग राखायचं

ऑस्टिओपोरोसिसच्या औषधांची नावं उच्चारायला अवघड आहेत, पण त्यांच्यातला एक फरक कुणालाही कळेल असा आहे. एक रोज घ्यायचं, एक आठवड्यातून एकदा, एक सहा महिन्यांनी आणि एक वर्षातून एकदा. २०२५ च्या मार्चमध्ये आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर मी आखलेले हे चार रकाने होते. आईच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. पुढच्या भेटीपर्यंत घरात बोलून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

आम्ही धायरीत राहतो. आई अंगणवाडी सेविका आहे, वय ५९. बाबा सेंट्रिंगचं काम करतात. धायरी गाव २०१७ मध्ये पूर्णपणे महापालिकेत आलं, त्याच्या आधीपासून इथे इमारती उगवतायत आणि बाबांना कामाची कमी पडली नाही. गेली दोन वर्षं आईला घरापासून अंगणवाडीपर्यंत सलग चालता येत नव्हतं. पायात कळ यायची, वाटेत दोन-तीनदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकायला लागायचं. एमआरआयमध्ये दिसलं की कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय आणि नसा दाबल्या जातायत. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. तेव्हा आमच्या भागात जीबीएसची साथ सुरू होती, घरोघरी पाणी उकळणं चाललं होतं, आणि आई हॉस्पिटलमधून फोन करून विचारायची, पोरांना उकळलेलंच पाणी देतायत ना?

फ्यूजन म्हणजे काय, हे मला डॉक्टरांपेक्षा बाबांनी नीट समजावलं. दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी एकमेकांना जखडतात आणि मध्ये हाडाचा चुरा भरतात. तो चुरा हळूहळू जिवंत हाड होतो आणि दोन मणक्यांचा एक होतो. याला कित्येक महिने लागतात. "स्क्रू म्हणजे आपले टेकू," बाबा म्हणाले. "स्लॅब सेट होईपर्यंत धरून ठेवायचं काम त्यांचं. स्लॅब सेटच झाला नाही, तर टेकू किती दिवस तग धरणार?"

आमची अडचण नेमकी तिथेच होती. ऑपरेशननंतर सर्जननी सांगितलं होतं, "स्क्रू बसलेत, पण हाड भुसभुशीत लागलं." मग डेक्सा तपासणी झाली. ऑपरेशनच्या आधी ती कुणी सुचवली नव्हती. साठीच्या आसपासच्या बाईच्या मणक्यात स्क्रू घालायचे असतील तर आधी हाडांची घनता मोजावी, असं आता बरेच तज्ज्ञ सांगतात, कारण तेव्हाच कळलं तर औषध आधीपासून सुरू करता येतं.

डेक्साच्या रिपोर्टात टी-स्कोअर नावाचा आकडा असतो. तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत तुमची हाडं किती विरळ झालीत, ते तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेल्या रेषेनुसार उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलात की ऑस्टिओपोरोसिस. आईचा खुब्याचा आकडा उणे २.९ होता. कमरेचा आकडा मात्र चक्क बरा दिसत होता. मला आनंद झाला, तो डॉक्टरांनी दोन मिनिटांत उतरवला. कमरेत धातू आहे, शिवाय झिजलेल्या मणक्यांवर वाढलेलं हाडही मशीन मोजतं, त्यामुळे तिथला आकडा फसवा. अशा वेळी खुबा आणि मनगटाजवळचं हाड बघायचं.

मग त्यांनी आईला विचारलं, "मावशी, पाळी कितव्या वर्षी गेली?"

आई म्हणाली, "गेली नाही. काढली."

आई बीड जिल्ह्यातली. छत्तिसाव्या वर्षी, माहेरी गेलेली असताना अंगावरून जास्त जातंय म्हणून तालुक्याच्या एका दवाखान्यात दाखवलं, तर त्यांनी 'पिशवी' काढून टाकली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, हे आम्हाला त्या दिवशी जुन्या डिस्चार्ज कार्डावरून कळलं. हाडांना धरून ठेवणारं इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयात तयार होतं. ते अचानक थांबलं की हाडांची झीज वेगाने सुरू होते. पन्नाशीच्या आसपास जे व्हायचं, ते आईच्या शरीरात दहा-बारा वर्षं आधी सुरू झालं होतं. इतक्या लहान वयात अंडाशयं काढल्यावर काय काळजी घ्यायची असते, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, हार्मोन, यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. "टाके सुकले की कामाला लागा," एवढंच सांगितलं होतं.

आईची धाकटी बहीण, माझी मावशी, तिचीही पिशवी काढलेली. ती आणि काका दर वर्षी दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याला जायचे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांच्या बातम्या आल्या, सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती ही ऑपरेशनं का केली याची. त्या बायकांच्या हाडांचं पुढे काय होणार, हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो या डॉक्टरांच्या खोलीत.

असो. फ्रिजवरच्या कागदाकडे येते.

हाड ही सतत चालू असलेली साइट असते. काही पेशी जुनं हाड पोखरून नेतात, काही पेशी नवं भरतात. ऑस्टिओपोरोसिसची बहुतेक औषधं पोखरणाऱ्या पेशींना आवरतात. आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षाचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन आणि सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन, तिन्ही याच जातीची, आपापल्या रीतीने. टेरिपॅराटाइडची जात वेगळी. ते भरणाऱ्या पेशींना कामाला लावतं, म्हणजे नवं हाड बांधतं. ते रोज टोचावं लागतं, आणि साधारण दोन वर्षांपर्यंतच घेतात.

आईचा कौल पहिल्याच दिवशी वर्षाच्या सलाइनला होता. एकदा हॉस्पिटलात जायचं, पंधरा-वीस मिनिटं हात धरून बसायचं, नंतर दोन दिवस ताप-अंगदुखी सोसायची, की वर्षभर कटकट नाही. खर्चही त्या मानाने कमी. माझा कौल डेनोसुमॅबला होता, कारण सहा महिन्यांनी एक इंजेक्शन म्हणजे फोनवर रिमाइंडर लावला की झालं.

डेनोसुमॅबची दुसरी बाजू डॉक्टरांनी सांगितली. हे औषध हाडांत साठून राहत नाही. पुढचा डोस चुकला किंवा फार लांबला तर आवरून धरलेल्या पेशी एकदम मोकाट सुटतात, कमावलेली घनता झपाट्याने जाते आणि काही जणांचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभर डॉक्टरांना याचीच धास्ती होती, इतकी की या रुग्णांचा डोस लांबवू नका, अशा खास सूचना निघाल्या. थांबवायचं झालं तर लगेच दुसरं औषध सुरू करावं लागतं. बाबांचं काम आज वाघोलीला तर उद्या तळेगावला, माझी कंपनी मला कधी बेंगळुरूला पाठवेल सांगता येत नाही. चुकलं तरी चालेल, अशी थोडी ढील त्या रकान्यात नव्हती.

सलाइनचं काय? झोलेड्रॉनिकमुळे फ्यूजन बिघडतं असं माणसांवरच्या अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं. पण आईचं हाड आत्ता जुळायचं होतं, आणि तिथे बांधणारं औषध हाताशी असताना फक्त राखणारं का घ्यायचं, असा त्यांचा प्रश्न होता. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या ओतोरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला होता. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या आणि कमरेचं फ्यूजन झालेल्या ५७ बायका. टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के जणींचं हाड जुळलं, आठवड्याच्या गोळीच्या जातीचं औषध घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के जणींचं. पहिल्या गटाला सरासरी आठ महिने लागले, दुसऱ्याला दहा. पुढे त्याच गटाच्या अभ्यासात स्क्रू सैल होण्याचं प्रमाणही टेरिपॅराटाइडवर कमी दिसलं. ५७ हा आकडा मोठा नाही, हेही डॉक्टरांनी न विचारता सांगितलं.

मग बाबांनी विचारलं, "आधी सलाइन आणि नंतर हे, असं उलटं केलं तर?"

"मावशींच्या बाबतीत तरी नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी बांधायचं, मग राखायचं. राखणारं औषध आधी दिलं की बांधणाऱ्याचा जोर कमी पडतो. आणि बांधून झाल्यावर राखलं नाही, तर बांधलेलंही जातं."

बाबांनी मान डोलवली. त्यांच्या धंद्यातला नियम होता तो.

पण आई तयार नव्हती. एका पेनचे पैसे म्हणजे तिच्या मानधनाचा निम्म्याच्या आसपास भाग, तोही चोवीस महिने. माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये ऑपरेशन बसलं, रोजच्या औषधांना त्यात जागा नव्हती. विम्याने स्क्रूचे पैसे दिले, स्क्रू ज्या हाडात बसलेत त्याचे नाही. त्यात आईने मोबाइलवर वाचलं की हे औषध दिलेल्या उंदरांना हाडांचा कॅन्सर झाला. ते खरं आहे. २००२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा त्यावर तसा ठळक इशारा होता. माणसांमध्ये तसा वाढीव धोका पुढच्या वर्षांत दिसला नाही, म्हणून २०२० मध्ये तो ठळक इशारा काढला गेला. ज्यांना आधी हाडांचा कॅन्सर झालाय किंवा हाडांवर रेडिएशन घेतलंय, त्यांना हे औषध आजही देत नाहीत. आईला यातलं काही नव्हतं. रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉइड, व्हिटॅमिन डी, किडनी, सगळं तपासून झालं होतं. व्हिटॅमिन डी कमी होतं, ते आधी भरून काढलं.

"माझ्यावर एवढा पैसा घालू नका," हे वाक्य ती तीन दिवस वेगवेगळ्या स्वरांत म्हणत राहिली. मी हिशोब मांडला. स्क्रू सैल होऊन पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर किती, खुबा मोडला तर किती. आकड्यांनी ती हलली नाही. चौथ्या दिवशी तिने वेगळाच प्रश्न विचारला. "रोज टोचणार कोण?"

मी म्हटलं, "मी."

"तू सकाळी सातला निघतेस, रात्री नऊला येतेस. दोन वर्षांत तुझं लग्न होईल नाहीतर बदली होईल. माझं मी टोचता येईल का, ते विचार."

तेव्हा मला कळलं की ती पैशाइतकीच परावलंबी होण्याला घाबरत होती. ऑपरेशनपासून तिला वाकायला, उचलायला, कमरेत वळायला बंदी होती. टँकर आला की पाण्याची बादली दुसऱ्या कुणीतरी उचलायची, आणि तिने बघत बसायचं. त्यात हे रोजचं इंजेक्शनही दुसऱ्याच्या हाती गेलं असतं.

टोचता येतं. पेन इन्सुलिनसारखंच असतं. पोटावर किंवा मांडीवर, रोज साधारण एकाच वेळी. सुई दर वेळी नवी. पेन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि उघडल्यापासून २८ दिवसांनी उरलं असलं तरी टाकून द्यायचं. सुरुवातीच्या डोसनंतर चक्कर येऊ शकते, म्हणून बसूनच घ्यायचं. नर्सने हे सगळं सांगितलं तेव्हा मी नोट्स काढत होते. आई नुसती ऐकत होती. तिने आयुष्यभर लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत आइसपॅकचे डबे बघितलेत आणि वस्तीतल्या प्रत्येक पोराची पुढची तारीख तोंडपाठ ठेवलीय. तिला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

एप्रिलमध्ये तिने सुरू केलं. पोरांच्या वजनाच्या नोंदी ठेवते तशी एक वही केली. तारीख, वेळ, पोट डावं की उजवं. पहिल्या महिन्यात पिंडऱ्यांत वांब यायचे, नंतर थांबले. लाइट गेली की ती घरात सगळ्यांना फ्रिज उघडू नका म्हणून ओरडते. २०२७ च्या एप्रिलमध्ये हे संपेल आणि वर्षाचं सलाइन सुरू होईल. त्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून किडलेली दाढ आताच काढून घेतलीय. सहाव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये मणक्यांच्या मधलं हाड धरू लागलेलं दिसलं. पुरतं जुळलंय असं सर्जन अजून म्हणालेले नाहीत.

हा आमच्या घराचा हिशोब. कुणाची किडनी कमजोर असेल, कुणाला पूर्वी रेडिएशन झालेलं असेल, त्यांचा कागद वेगळा निघेल. पण आईबाबांबरोबर अशा खोलीत बसायची वेळ आली तर तीन गोष्टी नक्की विचारा. हे औषध थांबवलं की काय होतं? याच्यानंतर कुठलं? आणि एखादा डोस चुकला तर?

दसऱ्याच्या आधी आईने मावशीला चार दिवस धायरीला बोलावून घेतलं. कारण सांगितलं सिंहगड बघायचा. दुसऱ्या दिवशी डेक्साला नेलं. मावशीने पंचवीस हंगाम उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवल्यात. तिचा आकडा आईपेक्षा वाईट निघाला, पण सुदैवाने एकही मणका दबलेला नव्हता. तिला रोजचं इंजेक्शन परवडणारं नव्हतं, आणि गावात लाइटचा भरवसा नाही. डॉक्टरांनी आठवड्याची गोळी दिली. ती जुनी आहे, स्वस्त आहे आणि फ्रॅक्चर टाळण्याच्या कामात सिद्ध झालेली आहे. अट एकच. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा प्यायचा नाही. नाहीतर गोळी अन्ननलिका पोळते आणि अंगीही लागत नाही.

मावशी म्हणाली, "चहाशिवाय अर्धा तास? मी परत झोपते बघ."

म्हणून आता दर रविवारी सकाळी सहाला आई तिला फोन लावते. "घेतलीस? पाणी पेलाभर प्यायलीस ना? बसलीयेस की उभी?" मग अर्धा तास दोघी बोलत राहतात. कापूस, सुना, कुणाची पोरगी कुठे दिली, गावातल्या आणखी कुणाकुणाच्या पिशव्या काढल्यात. ती शेवटची यादी आई हल्ली वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते. आतापर्यंत अकरा नावं झालीत.