पाच साती पस्तीस

मे महिन्याच्या सुट्टीत नात बेळगावला आली. लेकीनं फोनवर बजावलं, "आई, तिचा पाचाचा पाढा पक्का करून घे. पण ओरडू नकोस हं."

शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. लेक तिसरीत असताना 'पाच साती' ला अडली की मी लाटणं ओट्यावर आपटायची. पाढा पाठ झाला, पण गणिताची भीती तिच्या मनात कायमची बसली. दहावीनंतर तिनं गणिताचं तोंड पाहिलं नाही.

नात पाढा घडाघडा म्हणायची. मधलंच विचारलं की पुन्हा पाच एके पाचपासून सुरुवात! या वेळी मी चिंचोके काढले. 35 मोजून दिले, पाच वाट्या मांडल्या. म्हटलं, "सगळ्यांना सारखे वाट." एकेक टाकत गेली, प्रत्येक वाटीत 7 आले. पुन्हा सगळे एकत्र ओतून मोजले, तर 35! "आज्जी, हे तर तेच उलटं झालं!" गुणाकार नि भागाकार सख्ख्या बहिणी, हे मलाही त्या दिवशीच नीट कळलं.

आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी, त्यामुळे संध्याकाळी सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. मी विचारलं, "आज दिवस 6 वाजून 55 मिनिटांनी मावळणार. तेव्हा मोठा काटा कुठल्या आकड्यावर असेल?"

"पण पाढा तर दहालाच संपतो!" तिचा चेहरा पडला.

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, थोडा रागही. मी गप्प बसले. तव्यावरची भाकरी करपली, तरी गप्पच.

"पाच दाहे पन्नास... अजून एक पाच... अकरावर!"

बायांनो, मुलांना शिकवताना सगळ्यात अवघड असतं ते हे थांबणं. पाढे काय, सगळ्यांनाच येतात.

रात्री लेकीला फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुझ्या वेळी माझं चुकलं गं."

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग हसून म्हणाली, "पाच साती पस्तीस. बघ, अजून विसरले नाही."