सतराचा पाढा आणि यवतेश्वरचा घाट

घरात कुणाचं मोठं ऑपरेशन झालं, की काही दिवस सगळं घर दवाखान्याच्या वेळापत्रकावर चालतं. मग टाके सुकतात, औषधांचा डबा फळीवर आपली जागा पकडतो, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरते. आणि तिथून एक वेगळंच दुखणं सुरू होतं, ज्याची नोंद कुठल्याही केसपेपरवर नसते. ‘तुम्ही उठू नका, मी देते.’ ‘पिशवी उचलू नका.’ ‘जिना कशाला चढलात?’ माणूस बरा होत असतो, पण घरातला प्रत्येकजण त्याला लोणच्याच्या काचेच्या बरणीसारखा जपत असतो. हळूहळू त्यालाही वाटू लागतं, की आपण बरणीच आहोत.

माझ्या काकांच्या मित्राचं असंच झालं होतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पंचेचाळिशीत रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. ते चालता चालता धावायला लागले आणि पुढे थांबलेच नाहीत. त्यांचे मित्र तीन वर्षांनी लहान, शाळेत गणित शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही मास्तरच म्हणते. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर भल्या पहाटे ही जोडी वीस वर्षं दिसायची. साताऱ्याला २०१२ साली डोंगरावरची अर्धमॅरेथॉन सुरू झाल्यापासून तर दोघांचं वर्षच तिच्याभोवती फिरायचं. शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत, असे २१ किलोमीटर. काका नेहमी दहा-बारा मिनिटं आधी पोहोचायचे आणि मास्तर येईपर्यंत सरबताचा ग्लास हातात धरून उभे राहायचे.

२०२४ च्या फेब्रुवारीत टेकडीच्या चढावर मास्तरांचा जबडा आणि डावा खांदा ओढल्यासारखा झाला. ‘‘रात्रीचं जेवण बाधलं असेल, चल,’’ असं म्हणून काका पुढे निघून गेले. चार दिवसांनी अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळे निघाले. मार्चमध्ये बायपास झाली.

बायपासमध्ये काय करतात, हे आता पुष्कळांना ठाऊक असतं. छातीचं मधलं हाड उभं कापून हृदयापर्यंत पोहोचतात. पायातली शीर किंवा छातीच्या आतली धमनी वापरून अडथळ्याच्या पलीकडे रक्ताला नवी वाट काढून देतात. मग ते हाड तारांनी बांधून बंद करतात. ते सांधायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तोवर जड उचलायचं नाही. पण झोपूनही राहायचं नाही! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच रुग्णाला वॉर्डात चालवतात आणि ते चालणं आठवड्याआठवड्याने वाढवत नेतात. मास्तर सांगितलं तेवढं अगदी काटेकोरपणे चालत. अठरा मिनिटं म्हणजे अठरा मिनिटं. एकोणिसाव्या मिनिटाला ते घराच्या पायरीवर असत. सहा महिन्यांनी पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट उत्तम आली, तरी धावण्याचा विषय निघाला की ते वर्तमानपत्र उघडायचे. एक दिवस त्यांनी आपले धावण्याचे बूट रद्दीच्या पोत्यात टाकले. काकूंनी ते गुपचूप काढून माळ्यावर ठेवले.

काका रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत. नोव्हेंबरात एकदा चहा पिता पिता म्हणाले, ‘‘वहिनी, मास्तरला दोन दिवस साताऱ्याला नेऊ का? डॉक्टरांना विचारूनच.’’

काकूंनी कपबशी खाली ठेवली. ‘‘भावजी, तुम्ही न्याल हो. पण परत कसे आणाल?’’

‘‘नेईन तसेच आणीन. त्याच्या पुढे एक पाऊल टाकणार नाही.’’

काकूंना ते पटलं असं नाही. पण डॉक्टरांनी अटी घालून परवानगी दिली, तेव्हा त्यांनी स्वतःची एक अट घातली. बरोबर गाडी हवी आणि गाडी चालवणारं तिसरं माणूस हवं. ते तिसरं माणूस म्हणजे मी. डिसेंबरात निघताना काकूंनी माझ्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात औषधांच्या चिठ्ठ्या होत्या आणि खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, मास्तरांचे बूट होते.

डॉक्टरांच्या अटी मी वहीत लिहून घेतल्या होत्या. अशा माणसांच्या घरी त्या उपयोगी पडतील, म्हणून सांगते. आधी दहा मिनिटं नुसतं चालायचं, शेवटीही तसंच. एकदम सुरू करायचं नाही आणि एकदम थांबायचं नाही. गार हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून पहाटे नाही, ऊन आल्यावर निघायचं. जेवणावर लगेच नाही. जिभेखाली ठेवायची गोळी मास्तरांच्या स्वतःच्या खिशात हवी, गाडीत नको. छातीत, जबड्यात, हातात दुखलं, दम लागला किंवा गरगरलं तर तिथेच थांबायचं. आणि मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबायचं नाही. ठोके ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्या, की कष्ट वाढले तरी आकडा फारसा वाढत नाही. त्यापेक्षा साधी कसोटी म्हणजे बोलणं. पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं तर वेग ठीक. शब्द तुटायला लागले तर चालायचं.

‘‘बोलायचं काय पण?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘पाढे म्हण,’’ काका म्हणाले. ‘‘आयुष्यभर पोरांकडून म्हणवून घेतलेस. आता तू म्हण.’’

साताऱ्यात समर्थ मंदिराच्या पुढे कासचा रस्ता घाटाला लागतो. सकाळचे आठ वाजले होते. मी गाडी घेऊन थोडी पुढे जाऊन थांबायची, ते दोघं मला ओलांडून जायचे, मग मी पुन्हा पुढे. मास्तर दोन मिनिटं सावकाश धावत आणि एक मिनिट चालत. धावताना पाढा चालू. बाराचा, तेराचा, चौदाचा. वळणावरून आवाज आधी यायचा, माणसं मागून दिसायची. दूध घालून परत चाललेला एक मोटारसायकलवाला गाडी हळू करून या दोन पांढऱ्या डोक्यांकडे बघतच राहिला. खाली सातारा शहर उन्हात उजळत होतं आणि समोर अजिंक्यताऱ्याचा माथा हळूहळू आमच्या बरोबरीला येत होता. आणि काका, ज्यांना मी कधी कुणाच्या मागे धावताना पाहिलं नव्हतं, ते मास्तरांच्या खांद्यामागे अर्धं पाऊल ठेवून धावत होते.

चौथ्या की पाचव्या वळणावर आवाज आला, ‘‘सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी...’’ आणि पुढे काहीच आलं नाही.

मी गाडीतून उतरून मागे धावले. मास्तर कठड्यावर बसले होते आणि त्यांचा तळहात छातीवर होता. काकांचा चेहरा त्यांच्याहून पांढरा पडला होता. मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एकेक विचारलं. घाम? नाही. जबडा, हात? नाही. दम? थोडा, चढाचा. कुठे दुखतंय? मास्तरांनी एका बोटाने जागा दाखवली. तिथे दाबलं की जास्त दुखत होतं. ‘‘हृदयाचं दुखणं सहसा असं बोटाने दाखवता येत नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पण सहसावर मी माणूस सोडणार नाही. गाडीत बसवा, खाली न्या, तपासून घ्या.’’

काकांनी क्षणभरही वर घाटाकडे पाहिलं नाही. मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांनी त्यांना गाडीत बसवलं.

साताऱ्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं, काही तासांनी दोन्ही पुन्हा तपासलं. सगळं ठीक होतं. हाड सांधलं होतं, पण त्याच्यावरचे स्नायू नऊ महिन्यांनी पहिल्यांदाच हात हलवत धावण्याच्या कामाला लागले होते. ते कुरकुरले होते, इतकंच. पण त्या मधल्या काही तासांत, दवाखान्याच्या बाकावर बसलेले असताना, या दोन म्हाताऱ्यांनी जे एकमेकांना सांगितलं, ते नऊ महिन्यांच्या रोजच्या चहात त्यांनी सांगितलं नव्हतं.

‘‘मी रात्री झोपत नाही रे,’’ मास्तर म्हणाले. ‘‘नाडी मोजत पडतो. हिला कळू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. एखादा ठोका चुकला की वाटतं, झालं. आणि सकाळी सगळे विचारतात, कसं वाटतंय? काय सांगू?’’

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘त्या दिवशी टेकडीवर मी तुला चल म्हणालो आणि पुढे गेलो. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझी वेळ चांगली लागत होती ना! तेव्हापासून मी एकटा धावतो, पण दर दोनशे पावलांनी मागे वळून बघतो. कुणी नसतं.’’

मास्तर हसले. ‘‘मला तरी कुठे कळलं होतं? मीही अ‍ॅसिडिटीच म्हणालो असतो.’’

चढ चढताना दुखावं आणि थांबल्यावर ओसरावं, ही हृदयाची नेहमीची हाक असते. ते दुखणं छातीतच येईल असंही नाही. जबड्यात, खांद्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात येतं आणि आपण ओव्याचा अर्क पिऊन मोकळे होतो. वीस वर्षं धावणाऱ्या माणसाला असं काही होणार नाही, हा समज त्याहून घातक. व्यायामाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. मास्तरांच्या वडिलांना पन्नाशीतच हृदयविकार झाला होता आणि ते कुणी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री मास्तर म्हणाले, ‘‘आता वयही झालं. पुरे.’’ काकांनी फौजा सिंगांचं नाव काढलं. पंजाबातून इंग्लंडला गेलेला हा शेतकरी मुलगा गमावल्याच्या दुःखातून सावरण्यासाठी धावू लागला. २००० साली लंडनची मॅरेथॉन धावला तेव्हा त्याने आपलं वय ८९ सांगितलं होतं आणि २०११ साली टोरांटोला धावला तेव्हा शंभर. जन्माचा दाखला नसल्याने गिनीजने तो विक्रम नोंदवला नाही. ‘‘त्याचं काय बिघडलं?’’ काका म्हणाले. ‘‘तो नोंदीसाठी धावतच नव्हता. घरात बसवत नव्हतं म्हणून धावत होता.’’ मास्तर काही बोलले नाहीत. पण दिवा मालवताना त्यांनी बूट पलंगाखालून काढून दाराशी ठेवले.

मधला एक दिवस विश्रांतीचा गेला. डॉक्टरांना पुन्हा विचारलं. सपाटीवर, अगदी थोडं, असं उत्तर आलं. म्हणून तिसऱ्या दिवशी घाट गाडीने चढून आम्ही थेट कास तलावाजवळ गेलो. सातारकरांच्या नळाला ज्या तलावाचं पाणी येतं, तो हा तलाव. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कासचं पठार आहे. पावसाळ्याच्या शेवटी ते फुलांनी भरतं आणि मग फुलांहून माणसंच जास्त होतात. डिसेंबरात यातलं काही नव्हतं. वाळलेलं गवत, खाली काळाकभिन्न जांभा आणि वारा. मला वाटलं, बरं झालं, बघणारं कुणी नाही.

मास्तर दहा मिनिटं चालले. मग रस्त्याच्या सपाट तुकड्यावर धावू लागले. धावणं तरी कसलं, चालण्याहून जरासं पुढचं. काका त्यांच्या मागे, अर्धं पाऊल. मी गाडी लावून बोनेटला टेकून उभी होते. पाढा सतरापासूनच सुरू झाला. ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’ला आवाज किंचित अडखळला आणि पुढे गेला. दहावर पोहोचल्यावर मास्तर थांबले नाहीत, त्यांनी अठराचा धरला. सगळं मिळून एखादा किलोमीटर झाला असेल. परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्यामुळे आलंय असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

काकूंना फोन मीच लावला. घाटातला प्रकार त्यांना त्याच दिवशी कळवला होता. रात्री त्यांनी मास्तरांचा आवाज चार वेळा ऐकून घेतला होता. आता त्या म्हणाल्या, ‘‘किती धावले ते नको सांगू. हसले का ते सांग.’’

आता मास्तर आठवड्यातून तीन दिवस धावतात, कधी चार किलोमीटर, कधी पाच. शर्यतीचं नाव काढत नाहीत आणि काकाही काढत नाहीत. काकू त्यांच्याबरोबर टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत येतात आणि तिथल्या बाकावरच्या बायकांत बसतात. रात्रीची नाडी अजून अधूनमधून मोजली जाते, पण आता मास्तर बायकोला उठवून तिच्या हातात मनगट देतात. दोघं मिळून मोजतात.

भीती एकट्याने वाहायची म्हटली तर फार जड असते. औषधं डॉक्टर देतात, पथ्य घर सांभाळतं. पण आजारातून उठलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट लागते. आपल्या वेगाने, अर्धं पाऊल मागे राहून, बरोबर येणारं कुणीतरी. तुमच्याही घरात अशी एखादी बरणी झालेली व्यक्ती असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा, त्यांनी घातलेल्या अटी पाळा. आणि मग ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न एक दिवस बाजूला ठेवून तिला एवढंच विचारा, ‘‘उद्या किती वाजता निघायचं?’’