गोरेवाड्याची थंडी

पहाटे साडेपाचला नातीला उठवलं. कानटोपी, स्वेटर, आणि निघालो गोरेवाडा तलावावर पक्षी बघायला. नोव्हेंबरातला पक्षी सप्ताह आमचा हुकला होता. 5 तारखेच्या निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून 12 तारखेच्या पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा तो आठवडा.

तलावावर धुकं. मी दुर्बीण लावली तर सगळा काळोख. झाकणच काढलं नव्हतं! पोर खो-खो हसली आणि समोरची बदकं उडाली.

मग गप्प बसायचं शिकलो, दोघंही. अर्ध्या तासाने चक्रवाकांची केशरी जोडी उतरली. हिमालयापलीकडच्या थंडीतून आलेली.

परतताना तिने सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं, हात लाल झाला. "आबा, हे शाळेत नाही सांगत."

रविवारी अंबाझरी तलावावर जायचं ठरलंय. झाकण तीच सांभाळणार.